उंदीरमावशींचं बेट

"जिथं धरला तिथंच सोडायचा. भिंतीच्या त्या अंगाला नाही, रस्त्यापलीकडे नाही. त्याच फडताळाखाली, त्याच भोकाच्या तोंडाशी. कळलं का?"

हा आवाज मावशींच्या गुरुजींचा. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण पिंजऱ्याच्या दाराला हात लावला की तो कानाशी हजर व्हायचा, जरा खरखरीत, कायम सर्दी झाल्यासारखा. गुरुजींनी उभा जन्म घरउंदरांचा अभ्यास करण्यात घालवला आणि राग मात्र माणसांवर काढला. उंदीर कुठला, कुणाच्या कुळातला, हे त्याच्या रक्तावरून समजतं, ते म्हणायचे. घोळ घालतो तो माणूस. मावशी मान डोलवायच्या. मान डोलवण्यात मावशींचा हात धरणारं त्या अख्ख्या संस्थेत कुणी नव्हतं.

मावशी म्हणजे उंदीरमावशी. ज्या घरांत त्या पिंजरे लावायला जायच्या तिथली पोरं "उंदीरमावशी आली" म्हणून आरोळी ठोकायची, आणि ते नाव त्यांच्या पाठोपाठ संस्थेत कधी पोचलं ते त्यांना कळलंही नाही. खोलीच्या दारावरच्या पाटीवर नावाआधी 'डॉ.' होतं. तिकडे कुणी पाहत नसे.

काम सांगायचं तर सोपं होतं. शहराच्या मधून नदी वाहायची. नदीच्या अलीकडच्या घरांतले उंदीर एका जातीचे, पलीकडच्या घरांतले दुसऱ्या. दिसायला दोन्ही सारखेच: तेच करडं अंग, तेच मण्यांसारखे डोळे, तीच पावाच्या डब्याभोवती घुटमळायची खोड. फरक फक्त जनुकांत. फार फार पूर्वी एक जात माणसांच्या मागोमाग पूर्वेकडून आली, एक पश्चिमेकडून, आणि या नदीशी येऊन दोघी थबकल्या. पुलावरून थोडीफार ये-जा व्हायची, थोडीफार सोयरीकही व्हायची. पण तसल्या सोयरिकीतून जन्मलेल्या नरांना पुढे पिल्लं होण्याची मारामार, म्हणून सरहद्द टिकून होती. मावशींनी घरोघर पिंजरे लावायचे, सापडलेल्या उंदराच्या कानाचा तिळाएवढा तुकडा चिमट्याने घ्यायचा, तो प्रयोगशाळेत न्यायचा आणि उंदीर सोडून द्यायचा. कानावरून जात, जातीवरून नकाशा.

आता मावशींचे नेम. ते पुष्कळ होते. सकाळचा जप झाल्याशिवाय घोटभर पाणी नाही. कुठल्या जिवाला मारणं नाही, आवाज चढवणं नाही. पण सगळ्यात लाडका नेम त्यांनी स्वतःच स्वतःला लावून घेतला होता. यजमानांच्या मोठ्या दुखण्यात देवाने त्यांचं एक मागणं ऐकलं होतं, कारण न विचारता. तेव्हापासून त्या रोज कुणाचं तरी एक मागणं ऐकायच्या, कारण न विचारता. कुणाचंही, कसलंही, पण दिवसाला एक.

यजमान त्या दुखण्यातून उठले ते थेट बायकोची टिंगल करण्याइतके ठणठणीत होऊनच.

"अगं, या तुझ्या नेमाचा फायदा कुणाला होतो ठाऊक आहे का?" ते विचारायचे. "ज्याला मागायची लाज नाही त्याला."

"देव बघतो हो सगळं."

"देव बघतो आणि तुझा साहेब करून घेतो."

हे मात्र खोटं नव्हतं. विभागप्रमुखांना त्या नेमाचा सुगावा लागल्यापासून ते सकाळीच दारात डोकवायचे. "मॅडम, आजचं मागणं गेलं, की शिल्लक आहे?" शिल्लक असलं की मावशींच्या गळ्यात परीक्षेची देखरेख तरी पडायची, नाहीतर सरांच्या भाषणातलं शुद्धलेखन. म्हणून मावशींनी एक युक्ती काढली होती. सकाळच्या फेरीतच, पहिल्या नाहीतर दुसऱ्या घरी, कुणाचं तरी बारकंसं मागणं गाठायचं आणि दिवसभर मोकळं व्हायचं. ही युक्ती देवाच्या लक्षात येत नसेल असं त्यांना खरंच वाटायचं.

तशी बारकी मागणी नदीपलीकडे त्यांची वाटच पाहत होती. पहिलं मागणं एका शिंपीणबाईंचं.

"म्हणजे तुम्ही याला धरलात, याचा कान कापलात, आणि आता परत माझ्याच ओट्याखाली सोडणार?"

"कान नाही हो कापत. तिळाएवढा तुकडा."

"तेवढा तुम्ही ठेवून घेणार आणि बाकीचा उंदीर मला साभार परत, असंच ना?" शिंपीणबाईंनी ओठांत धरलेल्या टाचण्या काढून उशीला खोचल्या. "अहो, आमचे हे कधीपासून काठी घेऊन याच्या मागे आहेत. तुमच्या पिंजऱ्यात तो पहिल्याच दिवशी आला. आता परत सोडलात तर हे तुम्हाला नाही बोलणार, मला बोलणार."

"नियम आहे हो तसा. जिथला तिथंच..."

"एवढं एक ऐका माझं."

संपलं. हे शब्द कानावर पडले की मावशींच्या आतला शास्त्रज्ञ खुर्ची सोडून उठायचा आणि हात जोडून उभा राहायचा. उंदीर गाडीत मागच्या सीटवर बसला. पूल ओलांडून अलीकडे आलं की एक पडीक तुकडा होता: गुडघाभर गवत, एक मोडकी शेड, मागे लांबच लांब भिंत. मावशींनी तिथे गाडी थांबवली, पिंजरा उघडला, "जा बाबा, सुखाने राहा" म्हणाल्या, देवाचं नाव घेतलं. संस्थेत पोचल्यावर प्रमुखांना सांगितलं, "आजचं गेलं, सर." त्या आनंदात गुरुजींचा आवाज त्यांना जरा बसल्यासारखाच ऐकू आला. सर्दीच होती त्यांना, मावशींनी मनाची समजूत घातली.

नदी ओलांडताना आपण कोणती सरहद्द ओलांडतोय हे जगात ज्या मोजक्या माणसांना ठाऊक होतं, त्यांत मावशी एक होत्या. पण गाडी चालवताना त्या शास्त्रज्ञ नसायच्या, पुण्यवान असायच्या. उघड्या माळावर सोडलेला घरउंदीर सहसा फार दिवस टिकत नाही, हेही त्यांनीच विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. ते आठवलं असतं तर दया केल्याचं समाधान मिळालं नसतं, म्हणून ते आठवत नसे.

नदीपलीकडे बातमी पसरली. ज्या घरांनी "आमच्याकडे उंदीर नाहीत" म्हणून पूर्वी तोंडावर दार लावलं होतं, ती आता आपणहून निरोप पाठवायला लागली. उंदीर घेऊन जाणारी बाई. मावशी यजमानांना म्हणायच्या, "गोड बोललं की माणसं जोडली जातात." यजमान म्हणायचे, "एकदा उंदीर न नेता गोड बोलून बघ." मावशी हसायच्या. नवरा विनोदी आहे असं त्यांना वाटायचं.

मग धाकटी आली. उंदरांच्या कामावर माणसं दोनच, म्हणून मावशींनंतर आलेली ती धाकटी; बाकी तिशी ओलांडलेली, पदरात एक मुलगी, घरी सासूबाई, आणि दर खेपेला हातापाया पडून मुदत वाढवून घ्यावी लागणारी तात्पुरती जागा. बोलायला फटकळ, कामाला चोख. तिच्या वाट्याला नदीची अलीकडची बाजू आली. एके दिवशी तिने धावत येऊन मावशींच्या टेबलावर नकाशा पसरला. अलीकडच्या काठावर सगळीकडे निळे ठिपके, म्हणजे पश्चिमेचे उंदीर, आणि मधेच एका रोपवाटिकेच्या बियाणांच्या कोठारात लाल ठिपक्यांचा घोस. सगळेच्या सगळे पूर्वेचे.

"बेट आहे, मॅडम," धाकटी म्हणाली. तिला धाप लागली होती. "चारी बाजूंना परके आणि मधे हे. कसे आले असतील?"

कसे आले असतील ते सांगायची जबाबदारी मावशींनी घेतली आणि त्यात जीव ओतला. त्या काठावर पूर्वी कधीतरी धक्का होता. पलीकडून धान्याच्या नावा यायच्या. गोण्यांतून उंदीर आले. पुढे धक्का गेला, नावा गेल्या, पण उंदरांनी पिढ्यान् पिढ्या आपलं कुळ राखलं. नावाड्यांवर मावशींनी एक अख्खं पान लिहिलं. त्यात वल्ह्यांचा आवाजही आला होता. तो धाकटीने काढून टाकला. इतक्या वर्षांच्या नोकरीत प्रमुखांनी मावशींचं लिखाण काखेत मारून मिरवलं ते हे पहिलंच. मावशींनी देवासमोर हात जोडले आणि म्हटलं, मी मागितलं नव्हतं, तूच दिलंस. देव यावर काही बोलला नाही. मावशींनी त्याचा अर्थ हो असा घेतला.

बाहेरून एक समिती येणार होती. बेटावरचं व्याख्यान धाकटी देणार, कारण शोधनिबंधावर पहिलं नाव तिचं. समितीला पटलं तर तिची जागा कायम होणार होती. नाही पटलं तर या महिन्याअखेर तिला घरी बसावं लागणार होतं. सासूबाईंनी शेजारपाजारी "कायम झाली" असं सांगूनही टाकलं होतं.

समितीला बेटावरचा एक जिवंत उंदीर दाखवावा अशी प्रमुखांची इच्छा. म्हणून व्याख्यानाच्या दिवशी सकाळी दोघी रोपवाटिकेत गेल्या. मावशी तिथे पहिल्यांदाच येत होत्या. ही बाजू धाकटीची. बाजारातून वळणारा रस्ता, फाटक, मग कुंड्यांच्या रांगांमधून कोठारापर्यंत जाणारी पायवाट.

"पूर्वी एक उंदीर नव्हता माझ्याकडे," रोपवाटिकेचे मालक कुंडीतली माती अंगठ्याने दाबत म्हणाले. "हे सगळं बेकरीवाल्याचं काम. गटारावरून आमचं वाजलं, तेव्हापासून आणून सोडतो. एक दिवस रंगेहाथ पकडणार आहे त्याला."

"तसं नसतं हो," मावशींनी त्यांची समजूत घातली, अगदी मऊ आवाजात. "हे उंदीर पिढ्यान् पिढ्यांचे आहेत. तुमच्या नजरेला पडले नसतील इतकंच. मुद्दाम उंदीर आणून कशाला कोण सोडेल?"

"तुम्हाला बेकरीवाला माहीत नाही," मालक म्हणाले.

कोठारात पोत्यांच्या आडोशाला ठेवलेल्या पिंजऱ्यात एक उंदीर येऊन बसला होता. धाकटीने पिंजरा उजेडात नेला, उंदराला मानेच्या कातडीला धरून उचललं, आणि तिचा हात तसाच थांबला.

"मॅडम, याचा कान घेतलेला आहे."

"तूच घेतला असशील मागच्या खेपेला."

"मी डावखुरी. मी उजवा कान घेते. हा डावा आहे, आणि खालच्या कडेने."

उंदराचा डावा कान खालच्या कडेने घेणारं माणूस त्या संस्थेत एकच होतं. मावशींनी चष्मा वर केला, खाली केला. तुकडा सुबक घेतलेला होता. इतका सुबक, की दुसऱ्या कुणाच्या माथी मारायलाही जागा नव्हती.

"एखादा आला असेल गं पुलावरून चालत," त्या म्हणाल्या. त्यांना एकदम कोंदट वाटायला लागलं. त्यांनी कोठाराच्या मागच्या भिंतीतली खिडकी ढकलून उघडली.

बाहेर गुडघाभर गवत होतं. पलीकडे एक मोडकी शेड. आणि गवतात, हाकेच्या अंतरावर, चाकांच्या दोन रेघा, नेहमी एकाच जागी गाडी लावणाऱ्या माणसाने पाडलेल्या. ही भिंत मावशींनी आजवर फक्त त्या बाजूने पाहिली होती. भिंतीच्या आत काय असेल, हा प्रश्न उंदरांना पडला होता. त्यांना पडला नव्हता. नकाशावर हे ठिकाण बाजारातल्या रस्त्याच्या नावाने होतं. मावशींच्या मनात ते कुठल्याच रस्त्यावर नव्हतं. ती त्यांची पुण्य करायची जागा होती.

"काय झालं?" धाकटीने विचारलं.

"त्या नावा," मावशी म्हणाल्या. "धान्याच्या."

"त्यांचं काय?"

"नावा नव्हत्या गं. मी होते."

मग त्यांनी सगळं सांगितलं. शिंपीणबाई, तिच्यानंतरची घरं, पूल, गवत, जा बाबा सुखाने राहा. धाकटीने उंदीर परत पिंजऱ्यात ठेवला आणि दार लावून दोनदा ओढून पाहिलं.

"किती सोडलेत?"

"मोजले नाहीत. चांगलं काम मोजू नये असं वाटायचं."

धाकटीला आधी हसू आलं. तिने ते ओठांत दाबलं, पण ते दबेना. "इतकी युगं थांबले हो ते नदीकाठी," ती म्हणाली, "आणि तुम्ही त्यांना मागच्या सीटवर बसवून..." पुढचं तिला बोलवेना. मग हसू जसं आलं तसं गेलं, आणि ती बियाणांच्या पोत्यावर बसली.

"मालकांना सांगून टाका," ती जरा वेळाने म्हणाली. "बेकरीवाल्याचा काही दोष नाही म्हणून."

मावशींनी जाता जाता मालकांना खरंच तसं सांगितलं. मालकांचा विश्वास बसला नाही. बेकरीवाल्याने या बाईलाही फितवलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

परतीच्या वाटेवर पिंजरा मागच्या सीटवर होता. मावशींनी तो सवयीनेच तिथे ठेवला होता. सिग्नलला गाडी थांबली.

"दुपारी मी उभी राहणार," धाकटी म्हणाली. "नावांवर बोलणं आता मला जमायचं नाही. खरं सांगायला जावं तर दिसणार असं, की मी स्वतःला वाचवायला तुम्हाला पुढे ढकलतेय. आणि गप्प बसले तर जागा मिळेल."

"मिळेल."

"तेच म्हणते. मग त्या जागेवर रोज सकाळी येऊन बसायचं मला. तुमच्यासमोर." ती खिडकीबाहेर बघत होती. "तुम्ही सांगा, मॅडम. मी उभी राहायच्या आधी. सरांच्या खोलीत नाही, सगळ्यांसमोर."

"सांगते. तुझ्या ठिपक्यांत कुठे चूक नाही, तेही सांगते."

"शब्द देताय?"

"दिला."

मावशींनी आजवर देवाला पुष्कळ शब्द दिले होते. देव उलटून बघत नाही, त्यामुळे ते सोपं होतं. धाकटी शेजारच्या सीटवरून वळून त्यांच्याकडे बघत होती.

उंदराला आपल्या खोलीत पाणी आणि दाणे ठेवून मावशी प्रमुखांकडे गेल्या. त्यांना आधी कल्पना देणं भाग होतं. प्रमुखांनी नवा कोट घातला होता आणि आरशात बघून भुवया नीट करत होते. सगळं ऐकून घेतल्यावर ते खुर्चीत बसले.

"एका कानावरून एवढं?"

"कान आहे, चाकांच्या रेघा आहेत. आणि मी आहे, सर. मीच सोडलेत."

"बरं, सोडलेत. होतात चुका. नंतर दुरुस्ती छापू, कुणी हरकत घेणार नाही. पण आज नको. आज तिच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. तुमच्या चुकीची शिक्षा त्या पोरीला कशाला?"

नेमका हाच प्रश्न मावशींनी जिना चढताना स्वतःला विचारला होता. तेव्हाही तो फार बरोबर वाटला होता. इतका बरोबर, की त्यांना संशय आला आणि त्यांनी मनात जरा खोल डोकावून पाहिलं. तिथे धाकटी होती, तिची मुलगी होती, सासूबाईही होत्या. आणि त्या तिघींच्या आड लपून एक नाव उभी होती, धान्याने भरलेली, वल्ह्यांच्या आवाजासकट. ती बुडू नये असं मावशींना मनापासून वाटत होतं. लाज वाटली तरी वाटत होतं.

"आजवर मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही," प्रमुख म्हणाले.

परीक्षांच्या देखरेखी, भाषणांतलं शुद्धलेखन, त्यांच्या मेव्हण्याच्या मुलीचा प्रबंध, असं सगळं मावशींच्या डोळ्यांसमोरून रांगेने गेलं.

"आज मागतो. समिती जाईपर्यंत गप्प बसा."

"नाही, सर."

"काय म्हणालात?" त्यांना खरंच ऐकू आलं नव्हतं. त्या हळू आवाजात हा शब्द त्यांनी पूर्वी कधी ऐकलाच नव्हता.

"नाही म्हटलं."

प्रमुखांनी नव्या कोटाचं बटण काढलं, परत लावलं. "हसतील हो तुम्हाला."

"हसतील. धाकटीचं सकाळीच हसून झालं."

"आणि तिची जागा गेली तर?"

"तर ती माझ्यामुळे गेली, हेही सांगेन त्यांना," मावशी म्हणाल्या आणि दार हळूच ओढून घेऊन बाहेर आल्या.

सभागृहात समितीची माणसं येऊन बसली होती. कुणी चष्मा शोधत होतं, कुणी शेजाऱ्याला रस्त्यातल्या गर्दीबद्दल सांगत होतं. पडद्यावर नकाशा लावलेला होता: निळ्यात लाल बेट, भिंतभर मोठं. एवढं मोठं केल्यावर ते फारच देखणं दिसत होतं. पहिल्या रांगेच्या टोकाला धाकटी बसली होती, पाठ ताठ, हात मांडीवर. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

मावशी शेवटच्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीत बसून मनात वाक्य जुळवत होत्या. पहिल्या वाक्याची सुरुवात "क्षमा असावी" अशी होती; त्यात आपल्याला शोभा येते असं वाटून त्यांनी ते काढलं. मग "देवाच्या मनात असेल तसं" आलं. त्याला यात ओढायचं काही कारण नव्हतं, म्हणून तेही काढलं. मग घरांची, माणसांच्या आग्रहाची, आपल्या मऊ स्वभावाची वाक्यं आली, एकाहून एक चांगली, आणि एकेक करून सगळी गेली. शेवटी उरलं ते एवढंच, की हे उंदीर मी आणले.

प्रमुखांनी माइकवर बोटाने टकटक केलं. धाकटीची ओळख करून द्यायला त्यांनी कागद उचलला, तेवढ्यात मावशी उठल्या. रांगेतल्या लोकांनी पाय आखडून घेतले. "जरा वाट द्या हं," असं प्रत्येकाला हळू म्हणत त्या मधल्या वाटेवर आल्या, आणि पडद्याच्या दिशेने चालू लागल्या.